रात्र कशी गेली?

आपल्याकडील कोणत्याही सभेत आभारप्रदर्शन सुरू झाले, की मंडळी चपला शोधू लागतात. आभार मानणाऱ्यालाही ते ठाऊक असते. माईकवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंतची नावे तो घाईघाईने उरकतो आणि सारेच सुटकेचा निःश्वास टाकतात. कृतज्ञतेला आपण समारंभाच्या अखेरची जागा दिली आहे. तिला दिवसाच्या आरंभी जागा देणारा एक देश अध्यापनाच्या निमित्ताने मला पाहावयास मिळाला. तो देश म्हणजे इथिओपिया.

२००८ ते २०१० ही दोन वर्षे मी ताना सरोवराकाठच्या बाहिर दार या शहरात गणित शिकवीत होतो. निळ्या नाईलचा उगम याच सरोवरातून होतो. जाताना मनात एक सूक्ष्म अहंकार होता, हे आज कबूल करावयास हवे. आपण एका गरीब देशाला ज्ञानदान करावयास निघालो आहोत, अशी ती भावना होती. पहिल्या काही महिन्यांत त्या दात्याचे रूपांतर तक्रारखोरात झाले. वीज जाई, नळ कोरडे पडत, मागविलेली पुस्तके वेळेवर येत नसत. रोज सायंकाळी घरी जी पत्रे लिहीत असे, त्यांत या रडगाण्याखेरीज फारसे काही नसे.

महाविद्यालयाच्या फाटकावरचा वृद्ध पहारेकरी मात्र रोज सकाळी टोपी काढून विचारी, ‘रात्र कशी गेली?’ अम्हारिक भाषेतील ही सकाळची नित्याची विचारपूस आहे. तिचे उत्तरही ठरलेले असते. त्याचा अर्थ, ‘ईश्वराची स्तुती असो.’ त्या भाषेत आभार मानण्याचा शब्द आणि स्तुतीचा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. प्रारंभी मला ते नुसते पाठांतर वाटे. पुढे टायफॉइडने मला अंथरुणावर पाडले. विद्यार्थ्यांनी आपापसांत पाळ्या लावल्या आणि दोघे-दोघे रात्रभर उशाशी बसून राहिले. ताप उतरला त्या पहाटे त्यांतल्या एकाने तोच प्रश्न विचारला. रात्र गेली, आणि ती एकट्याने काढावी लागली नाही, ही सांगण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले.

त्यानंतर डोळे उघडले म्हणावयास हरकत नाही. तेथील बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस व दूधदुभते वर्ज्य करतात. त्या दिवशी शेजारीण आवर्जून ताट पाठवी. राजगिऱ्यापेक्षाही बारीक अशा तेफ या धान्याची, आंबोळीची आठवण करून देणारी इंजेरा आणि तिच्यावर शिरो. शिरो म्हणजे आपले पिठलेच! परदेशी शाकाहाऱ्याला कोणत्या दिवशी पोटभर जेवता येईल, याचा हिशेब त्या बाईंनी न सांगता ठेवला होता. कॉफीचा सोहळाही असाच. जमिनीवर हिरवे गवत पसरावयाचे, बिया समोरच भाजावयाच्या, मातीच्या सुरईत कॉफी उकळावयाची आणि एकामागून एक तीन फेऱ्या द्यावयाच्या. तिसऱ्या फेरीचे नाव ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. त्याआधी उठून जाणे अशिष्ट समजतात. आमच्या आभारप्रदर्शनाची मला तेथे हटकून आठवण होई.

परंतु माझा अहंकार खऱ्या अर्थाने उतरविला तो बाजारातल्या एका वयस्क कापड-दुकानदाराने. मी भारतीय शिक्षक आहे असे कळताच त्याने पैसे घेण्याचे नाकारले. ‘मला भूमिती एका भारतीयाने शिकविली,’ एवढेच तो म्हणाला. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत, विशेषतः १९५० नंतर, हजारो भारतीय शिक्षक तेथील शाळांतून शिकवावयास गेले. त्यांत केरळीयांचा भरणा मोठा होता. १९७४ साली सम्राट पदच्युत झाले, राजवटी बदलल्या, पण त्या शिक्षकांचे विद्यार्थी उरले. कोणा अज्ञात मास्तरांची कमाई माझ्या पदरात पडत होती. ज्याचे देणे लागतो तो समोर नाही, आणि जो समोर आहे त्याने काही दिलेले नाही, अशा वेळी घेणाऱ्याने करावे तरी काय? आपल्या परंपरेने याला ऋषिऋण म्हटले आहे. ते गुरूला परत करावयाचे नसते, पुढच्या पिढीला शिकवून फेडावयाचे असते. मी दाता नव्हतो. एका जुन्या खात्यातील हप्ता भरणारा ऋणको होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. सदैव ईश्वराची स्तुती करणारा समाज अन्याय निमूटपणे सोसावयास शिकत नाही काय? आक्षेप बिनतोड नाही, पण रास्त आहे. १९८३ ते १९८५ च्या दुष्काळात इथिओपियात लक्षावधी माणसे दगावली. त्यास अवर्षणाइतकेच यादवी युद्ध आणि तेव्हाच्या राजवटीची धोरणे कारणीभूत होती. अशा मृत्यूंबद्दल कोणी देवाचे आभार मानीत नाही, आणि मानूही नयेत. कृतज्ञता शेजारणीच्या ताटाची असते. ताट रिकामे ठेवणाऱ्या सत्तेला तिने सवलत देण्याचे कारण नाही. उलट, आपण किती जणांच्या आधाराने जगतो हे ज्याला उमगले, त्यालाच कोणाचा आधार काढून घेतला गेला तेही अधिक स्पष्ट दिसते.

२०२३ पासून त्याच अम्हारा प्रांतात सशस्त्र संघर्ष पेटला आणि असंख्य शाळा बंद पडल्या. माझे कित्येक विद्यार्थी त्याच प्रांतात शिक्षक झाले होते. त्यांच्यापैकी एकाशी मध्यंतरी दूरध्वनीवर बोलणे झाले. काय विचारावे ते सुचेना, तेव्हा सवयीने तेच शब्द तोंडी आले, ‘रात्र कशी गेली?’ क्षणभर स्तब्धता पसरली. मग ठरलेले उत्तर आले आणि त्यापाठोपाठ तो म्हणाला, ‘शाळा बंद आहे. सात मुले माझ्या घरी येतात. आज भूमिती घेतली.’

बाजारातल्या त्या कापडाचे पैसे माझ्याकडून अद्याप फिटावयाचे आहेत. हा हप्ता मात्र त्याने भरला.