ग्रामीण इंग्लंडमधील पब आणि परवानाधारक : स्थानिक इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :
इंग्लंडमधील खेड्याच्या सामाजिक जीवनात चर्चइतकेच पबलाही महत्त्व होते. मद्यविक्रीबरोबरच भेटीगाठी, व्यवहार व बैठका यांचे ते स्थान होते. अशा पबचा इतिहास वास्तूपेक्षा परवान्याच्या नोंदींतून अधिक स्पष्ट होतो; कारण परवाना दीर्घकाळ व्यक्तीच्या नावे दिला जात असे.

परवाना व नोंदी :
१५५२ च्या कायद्याने बीअर विक्रीसाठी स्थानिक न्यायाधीशांची अनुमती आवश्यक ठरविली. विक्रेत्याला सुव्यवस्था राखण्याचे हमीपत्र द्यावे लागे. १७५३ च्या कायद्यानुसार अशा हमीपत्रांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. या नोंदींना एकोणिसाव्या शतकातील जनगणनेची जोड दिली असता अनेक परवानाधारक शेती, लोहारकाम वा सुतारकामही करीत असल्याचे दिसते. पतीच्या निधनानंतर परवाना विधवेच्या नावे होत असे. म्हणजेच ज्या काळात स्त्रियांना सार्वजनिक व्यवहारात फारसे स्थान नव्हते, त्या काळातही त्यांची नावे या दप्तरात आढळतात.

१८३० च्या बीअरहाउस कायद्याने दोन गिनी शुल्क भरणाऱ्या करदात्या गृहस्थास न्यायाधीशांच्या अनुमतीशिवाय बीअर विकण्याची मुभा दिली. परिणामी राहत्या घरातच अनेक बीअरगृहे सुरू झाली. १८६९ मध्ये हे नियंत्रण पुन्हा न्यायाधीशांकडे आले.

मालकीतील बदल :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्यनिर्मात्या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर पब विकत घेतले. परवानाधारक बहुधा भाडेकरू झाला व मालकाचीच बीअर विकण्यास बांधला गेला. १९८९ च्या आदेशांनी दोन हजारांहून अधिक पब असलेल्या उत्पादकांवर निर्बंध घातले. तथापि, बरेच पब गावाकडे न जाता पबमालक कंपन्यांकडे गेले.

२००३ च्या कायद्याने, जो नोव्हेंबर २००५ मध्ये पूर्णतः अमलात आला, परवान्याचे अधिकार स्थानिक परिषदांकडे सोपविले. व्यक्तीचा व जागेचा परवानाही वेगळा केला. २००३ मध्येच कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील 'ओल्ड क्राउन' हा पब लोकांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११ च्या लोकलिझम कायद्याने सामुदायिक मूल्याची मालमत्ता म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीस निघाल्यास स्थानिक गटांना बोलीच्या तयारीसाठी मुदत दिली.

समारोप :
पब बंद पडल्यास केवळ एक व्यवसाय संपत नाही. सामान्य माणसांच्या नावांची शतकानुशतके चालत आलेली नोंदही तेथेच थांबते. म्हणून परवानाधारकांची यादी हा ग्रामीण समाजाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा आधार ठरतो.