तेलाची स्मरणशक्ती

१९६४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कॅडिलॅक आणि ब्यूक गाड्यांना एक नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायला सुरुवात केली. पुढे तो टर्बो हायड्रामॅटिक ४०० या नावाने ओळखला गेला. पुढचे गिअर तीन, रिव्हर्स एक. अमेरिकेतल्या अवजड गाड्यांसाठी बनलेला हा गिअरबॉक्स इतका भरवशाचा निघाला, की रोल्स-रॉइसने तो सिल्व्हर शॅडोसाठी घेतला, जॅग्वारने बारा सिलिंडरच्या एक्सजेमध्ये बसवला आणि १९७६ साली आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढताना फेरारीसारख्या मानी कारखान्यानेही तोच निवडला. मिशिगनमधल्या विलो रनच्या ज्या प्रचंड इमारतीत तो तयार होई, तिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बर विमानं बांधली होती.

गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात कधी न्यायची, घाटात किती थांबायचं, ओव्हरटेकसाठी पाय दाबला तर मागे कधी यायचं, हे सगळं हा गिअरबॉक्स स्वतः ठरवतो. त्यात कॉम्प्युटर नाही. नेहमीच्या रचनेत विजेची एकच तार आत जाते, आणि तीही फक्त अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याची वर्दी देण्यापुरती. बाकी सगळा निर्णय तेलाचा. हा निर्णय जिथे होतो तो भाग म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. तिच्याइतकी बुद्धिमान वस्तू मोटारीत दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ती खोलून, धुऊन पुन्हा जोडताना ही बुद्धी अक्षरशः हाताला लागते.

खालचं ऑइल पॅन काढलं, फिल्टर सोडवला, की वर बिडाचा एक ठोकळा बोल्टांनी आवळलेला दिसतो. तो खाली घेऊन उलटा केला की त्याच्या अंगावर नागमोडी नाल्यांचं जाळं उघडं पडतं. काही नाल्या मध्येच संपतात, काही एकमेकींना खेटून जातात पण मिळत नाहीत. ठोकळ्याला भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात एक छोटी दांडी सरकते. दांडी सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी बारीक. जाड भाग नालीच्या तोंडावर आला की वाट बंद, बारीक भाग आला की वाट मोकळी. दांडी काही मिलिमीटर सरकते आणि दीड-दोन टनांची गाडी गिअर बदलते.

ती कशी सरकते, इथेच खरी गंमत आहे. एका टोकाकडून तिला गव्हर्नरचं तेल ढकलतं. गव्हर्नर हा मागच्या शाफ्टबरोबर फिरणारा भाग, त्याला लहानमोठी वजनं लावलेली. गाडीचा वेग वाढतो तशी वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. पण फिरणाऱ्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. म्हणजे हळू चालताना दाब नगण्य आणि जोरात चालताना भसकन वाढलेला. त्यावर गिअर नीट बदलणार नाही. म्हणून इंजिनिअरांनी वजनांचे दोन संच ठेवले. कमी वेगात जड वजनं काम करतात, वेग वाढला की ती आपल्या अडसराला टेकून थांबतात, आणि पुढचा भार हलकी वजनं उचलतात. एका वक्र रेषेला दोन तुकड्यांत सरळ करण्याचं हे गणित नायलॉनच्या एका चाकावर फिरणाऱ्या चिमुकल्या भागात बसवलंय! ते नायलॉनचं चाक झिजलं की गव्हर्नर फिरत नाही, दाब उठत नाही आणि गाडी पहिला गिअर सोडत नाही. पुष्कळदा एवढ्या एका चाकापायी अख्खा गिअरबॉक्स बाद ठरवला जातो.

दांडीच्या दुसऱ्या टोकाला स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला मॉड्युलेटरचं तेल. मॉड्युलेटर म्हणजे गिअरबॉक्सच्या कुशीला लावलेला पत्र्याचा डबा. त्यात रबरी पडदा, आणि पडद्याच्या एका बाजूला इंजिनच्या मॅनिफोल्डमधली निर्वात पोकळी. तुम्ही पाय उचललेला असतो तेव्हा इंजिन जोरात हवा ओढतं, पोकळी खोल होते, मॉड्युलेटर गप्प बसतो. पाय दाबला की पोकळी उथळ होते आणि मॉड्युलेटर दाब वाढवतो. म्हणजे इंजिनावर किती भार आहे, ते या डब्याला इंजिनच्या श्वासावरून कळतं. काही मॉड्युलेटरमध्ये हवा काढून बंद केलेला एक भाताही असायचा, म्हणजे उंच डोंगरावर हवा विरळ झाली तरी हिशेब चुकू नये. पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळायला लागतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तेल कमी होत राहतं, आणि खाली जमिनीवर मात्र एक थेंब नसतो.

तर मधे दांडी, आणि तिच्यावर वेग आणि भार यांची रस्सीखेच. वेग जिंकला की दांडी सरकते आणि दुसऱ्या गिअरच्या क्लचकडे तेल सुटतं. पाय हलका असेल तर भाराचा जोर कमी, म्हणून गिअर लवकर बदलतो. पाय जड असेल तर उशिरा. ड्रायव्हरच्या मनात काय आहे ते तेलाने ओळखलं असं वाटावं, इतकं हे बेमालूम आहे.

पण विचार करा, गिअर ज्या वेगाला वर जातो, त्याच वेगाला खाली आला तर काय होईल? त्या वेगाच्या आसपास चालताना गाडी सतत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत बसेल. हे टाळण्यासाठी जी युक्ती केलीय ती मला सगळ्यांत थोर वाटते. दांडी एकदा वरच्या गिअरकडे सरकली, की तिच्याच जाड भागाने मॉड्युलेटरच्या तेलाची वाट बंद होते. आता विरोधाला उरते फक्त स्प्रिंग. त्यामुळे परत यायला गाडीचा वेग बराच खाली उतरावा लागतो. त्याच वेगाला, त्याच पायाखाली, दांडी आधी कुठे होती यावर गिअर ठरतो. तेलाला स्मरणशक्ती मिळाली, आणि तीही एका नालीची जागा नेमकी निवडल्यामुळे.

याशिवाय ठोकळा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पोलादी पत्रा असतो, त्यावर ठरावीक मापाची भोकं. क्लचमध्ये तेल किती वेगाने भरायचं हे त्या भोकांवर ठरतं. भोक जरा मोठं केलं तर गिअर झटक्याने पडतो, म्हणूनच रेसिंगवाले ती ड्रिलने वाढवतात. नाल्यांमध्ये लहान पोलादी गोळ्या असतात. तेल एका दिशेने आलं की गोळी भोकावर बसते, उलट दिशेने आलं की उठते, म्हणजे भरणं सावकाश आणि रिकामं होणं झटपट. अ‍ॅक्युम्युलेटरचा दट्ट्या स्प्रिंगच्या आधाराने थोडं तेल स्वतःकडे घेऊन गिअरचा धक्का पचवतो.

आता रिबिल्ड. बाहेरून वाटतं की सुटे भाग बदलायचे असतील. पण व्हॉल्व्ह बॉडीत झिजण्यासारखं फार थोडं असतं, कारण सगळं तेलात पोहत असतं. तिला मारतो तो कचरा. दांडी आणि भोक यांच्यातली फट मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढी असते. क्लच प्लेटच्या अस्तराचा एक कण, ऑइल पॅनमधली एक धातूची कणी तिथे अडकली की दांडी हलत नाही, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जातच नाही. म्हणून सगळं काम दांड्यांना पुन्हा मोकळं करण्याचं.

ठोकळा खाली घेताना मॅन्युअल व्हॉल्व्हवर बोट ठेवावं लागतं. हा गिअरच्या दांड्याला जोडलेला असतो, त्याला अडवणारं काही उरलं नाही की सरळ घसरून फरशीवर आदळतो, आणि त्याच्या कडेला एक टवका उडाला तरी तो भोकात पुन्हा नीट चालत नाही. मग पिना काढून प्रत्येक भोकातली दांडी आणि स्प्रिंगा क्रमाने ट्रेमध्ये मांडायच्या. क्रम मोडायचा नाही. दोन स्प्रिंगा सारख्या दिसतात, पण एकीची तार किंचित जाड असते, आणि तेवढ्याने गिअर बदलण्याचा वेग बदलतो.

धुण्यासाठी सॉल्व्हंट, वाळवण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा. चिंधी वर्ज्य, कारण तिचा सुटलेला धागा हाच उद्याचा कचरा. आणि दांडीला पॉलिश पेपर लावताना फार जपावं. तिच्या जाड भागाची कड धारदार ठेवलेली असते, ती मुद्दाम. धारदार कड सरकताना कचरा खरवडून पुढे ढकलते. गोलावलेल्या कडेखाली तोच कण पाचरीसारखा शिरतो. चकाकी आणण्याच्या हौसेत कड गोल करणारा मेकॅनिक दांडी साफ करतो आणि व्हॉल्व्ह बॉडी बिघडवतो.

पुढची तपासणी मला अतिशय आवडते. ठोकळा उभा धरायचा आणि स्वच्छ दांडी भोकात सोडायची. ती फक्त स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडखळली तर पुन्हा धुवायची. कोणतंही मीटर लागत नाही, आणि तरी ही परीक्षा मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाची असते.

जोडताना पोलादी गोळ्या डोक्यावरच्या नाल्यांत उलट्या ठेवायच्या असतात, म्हणजे त्या पडणारच. त्यांना व्हॅसलीनने चिकटवतात. ग्रीस लावायचं नाही. व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जातं, ग्रीस मात्र गोळा होऊन एखादं भोक बुजवू शकतं. पत्र्याच्या दोन बाजूंची गॅस्केट जुळी वाटतात, पण भोकं वेगळी, अदलाबदल झाली तर तेलाची एखादी वाटच बंद होते. शेवटी बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या बाजूला, जेमतेम अकरा न्यूटन-मीटरपर्यंत. जोर लावला की ठोकळा पिळवटतो आणि ज्या दांड्या एवढ्या कष्टाने मोकळ्या केल्या त्या पुन्हा पकडल्या जातात.

मग नवं लाल तेल. या तेलाचाही इतिहास थरारक आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म व्हेलच्या चरबीचं तेल घालत, कारण क्लच हळुवार पकडण्यासाठी हवा तसा निसरडेपणा त्यातून मिळे. व्हेलच्या रक्षणासाठी बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधण्यासाठी धावपळ करावी लागली. जुन्या कॅडिलॅकचा दुसरा गिअर गुळगुळीत पडायचा, त्यात समुद्रातल्या त्या अवाढव्य जिवाचा वाटा होता हे वाचून मी सुन्न झालो होतो.

तेल भरलं की प्रेशर गेज लावायचा. ड्राइव्हमध्ये दाब भारानुसार साधारण ४ बारपासून १० बारपर्यंत चढायला हवा. मॉड्युलेटरची नळी हाताने काढली की काटा वर गेला पाहिजे, कारण आता गिअरबॉक्सला वाटतं की पाय पूर्ण दाबलाय. काटा हलला नाही तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, आधी डबा आणि त्याच्यामागची दांडी बघायची.

१९९१ साली जनरल मोटर्सने याच गिअरबॉक्सचा वंशज ४एल८०-ई आणला, त्यात गव्हर्नर गेला, मॉड्युलेटर गेला, त्यांच्या जागी सेन्सर, सोलेनॉइड आणि कॉम्प्युटर आले. निर्णय बाहेर गेला, पण क्लचला तेल पाठवायला सरकणाऱ्या दांड्या राहिल्याच. आज पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये धावणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या किंवा सीव्हीटी गाडीचं ऑइल पॅन काढलं, तर तिथेही नाल्यांचा तोच ठोकळा भेटतो, आता अ‍ॅल्युमिनियमचा. कचऱ्याची भीती तीच आणि धारदार कडेचा नियमही तोच, म्हणून कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर तिचं तेल आणि फिल्टर बदलून घ्या.