भिंतीपलीकडचा ऑब्जेक्ट

फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट फ्रेमवर्क आलं, तेव्हा त्यात ॲपडोमेन ही धाडसी कल्पना होती. एकाच प्रोसेसमध्ये अनेक बंदिस्त कप्पे, आणि एका कप्प्यातल्या कोडला दुसऱ्यातल्या ऑब्जेक्टला थेट हात लावायची मुभा नाही. एएसपी डॉटनेटच्या कितीतरी वेबसाइट याच आधारावर एका प्रोसेसमध्ये नांदत होत्या.

भिंत ओलांडायचे रस्ते दोन. क्लास सीरियलायझेबल असला की ऑब्जेक्टची प्रत जाई. तो मार्शल-बाय-रेफ-ऑब्जेक्टपासून आलेला असला, तर ऑब्जेक्ट जागेवरच राही आणि पलीकडे प्रॉक्सी मिळे. यापैकी काहीच नसेल तर एक्सेप्शन.

अडचण अशी, की हा निर्णय क्लासच्या माथ्यावर लिहिलेला असे. कॉल करणाऱ्याला समोरची ओळ वाचून काहीच कळत नसे. खरं तर १९९४ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वॉल्डो, ॲन वॉलरॅथ आणि सहकाऱ्यांनी बजावलं होतं की जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट सारखे भासवू नका. वेळ, मेमरी आणि अर्धवट बिघाड यांचा हिशेब दोन्हीकडे वेगळा असतो. १९९७ मध्ये जावाच्या आरएमआयमध्ये प्रत्येक दूरस्थ मेथडवर रिमोट-एक्सेप्शन जाहीर करणं सक्तीचं झालं. प्रोग्रामर कुरकुरले, पण भिंत कुठे आहे हे त्यांना दिसलं.

डॉटनेटमध्ये ती उशिरा दिसे. प्रॉक्सीमागच्या ऑब्जेक्टला ५ मिनिटांची मुदत मिळे आणि कॉल आला की किमान २ मिनिटं शिल्लक राहतील अशी ती वाढे. चाचणी काही सेकंदांत आटपे, त्यामुळे सगळं सुरळीत. प्रत्यक्ष वापरात कोणी जेवायला उठलं, परत येऊन बटण दाबलं, की ऑब्जेक्ट तुटल्याचा निरोप! मग इनिशियलाइज-लाइफटाइम-सर्व्हिसमधून नल परत करायचा रामबाण इलाज सर्रास होऊ लागला. तोही फुकटचा नव्हता: ऑब्जेक्ट आपणहून तोडला नाही, तर डोमेन बंद होईपर्यंत मेमरी अडवून बसे.

प्रतीचा सापळा याहून फसवा होता. प्लगइन हवं तेव्हा काढून टाकता यावं म्हणून वेगळं डोमेन बनवायचं, आणि त्यातल्या एका मेथडने प्लगइनचाच एखादा सीरियलायझेबल ऑब्जेक्ट परत करायचा. प्रत उघडण्यासाठी मुख्य डोमेनही तीच डीएलएल लोड करी. सुटी डीएलएल काढून टाकायची सोयच नसल्याने सगळा खटाटोप वाया. म्हणून जाणकार मंडळी सामायिक इंटरफेस आणि साधे डेटा-क्लास वेगळ्या छोट्या डीएलएलमध्ये ठेवत.

२०१६ च्या डॉटनेट कोअरमध्ये नवे ॲपडोमेन बनवण्याची सोय आणि भिंतीपलीकडे कॉल पोचवणारी रिमोटिंग यंत्रणा, दोन्ही वगळली गेली. प्रतींसाठी वापरला जाणारा बायनरी-फॉर्मॅटर परका डेटा उघडताना घातक कोड चालवू देऊ शकतो, म्हणून २०२४ च्या डॉटनेट ९ मध्ये तोही निकामी केला.

भिंतीपलीकडे प्रत जाते की मूळ ऑब्जेक्ट, हा प्रश्न मात्र आता ब्राउझरमध्ये आहे, आणि तिथलं उत्तर अधिक प्रामाणिक वाटतं. वेब वर्करला पोस्ट-मेसेजने दिलेल्या ऑब्जेक्टची एरवी प्रत होते. मोठा ॲरे-बफर प्रत न करता सोपवायचा असेल, तर त्याचं नाव त्याच कॉलमध्ये हस्तांतराच्या यादीत वेगळं लिहावं लागतं. त्यानंतर पाठवणाऱ्याकडे त्या बफरची लांबी ० होते.