पुलाचा कठडा एसटी अडवतो का? कठडा आणि क्रॅश बॅरियर यांतला फरक समजून घ्या

18 जुलै 2022 ची सकाळ खान्देश विसरणार नाही. इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी मध्य प्रदेशात खलघाटजवळ नर्मदेच्या पुलावरून कठडा तोडून नदीत कोसळली. चालक आणि वाहकासह 12 जणांचे मृतदेह नदीतून काढावे लागले. त्या दिवशी अमळनेर आगारात आणि गावागावांत जी शांतता होती ती अजून आठवते.

नंतर चर्चा खूप झाली. गाडी जुनी होती का, स्टेअरिंग गेलं का, समोरून कोणी आलं का. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न मागे राहिला. गाडी कोणत्याही कारणानं कडेला गेली, तर तिला अडवायला पुलावर काय होतं?

असे अपघात महाराष्ट्रातही झाले आहेत. 19 मार्च 2013 ला खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खासगी बस खाली गेली, 37 जण गेले. जानेवारी 2018 मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनी बस पंचगंगेत पडली, 13 जण गेले. जानेवारी 2022 मध्ये वर्धा जिल्ह्यात सेलसुऱ्याजवळ कार पुलावरून खाली गेली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारी 7 मुलं गेली. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं असेल, पण शेवट एकच. गाडी पुलावर राहिली नाही.

कठडा कशासाठी असतो?

आपण सगळ्यालाच कठडा म्हणतो. पण इंजिनिअर लोकांच्या हिशोबात या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली वस्तू म्हणजे रेलिंग. सिमेंटचे खांब आणि त्यात दोन-तीन आडव्या दांड्या किंवा लोखंडी पाईप. पायी चालणारा माणूस खाली पडू नये म्हणून ती असते. भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) ही संस्था पुलांचे नियम ठरवते. तिच्या नियमाप्रमाणे रेलिंगची उंची साधारण 1.1 मीटर धरतात आणि वरच्या दांडीनं दर मीटरला 150 किलोचा आडवा जोर सहन केला पाहिजे. म्हणजे मीटरभर जागेत दोन माणसं जोर लावून रेलली तरी दांडी तुटू नये, एवढाच तो हिशोब. त्यात गाडी कुठेच नाही.

दुसरी वस्तू म्हणजे क्रॅश बॅरियर. नव्या चौपदरी महामार्गाच्या पुलावर कडेला खाली जाड आणि वर निमुळती होत गेलेली सिमेंटची सलग भिंत दिसते, ती ही. तिचा हिशोबच गाडीच्या धडकेवर केलेला असतो.

शेतकऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर बांधावरचं तारेचं कुंपण गाय अडवतं, ट्रॅक्टर अडवत नाही. जुन्या पुलांवरचे बरेच कठडे म्हणजे असं कुंपणच आहे. त्याच्या आत वीतभर उंच सिमेंटची कडा असते, पण एसटीचं चाक ती सहज चढून जातं.

धडकेची परीक्षा कशी घेतात?

बॅरियर भक्कम आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्याची परीक्षा घेतात. तिला क्रॅश टेस्ट म्हणतात. अमेरिकेत टेक्सास आणि नेब्रास्का इथल्या विद्यापीठांची यासाठी मोठी मैदानं आहेत. तिथं पुलाच्या कडेचा खराखुरा तुकडा बांधतात. त्यावर खरी कार, खरा ट्रक, अगदी 36 टनांचा ट्रेलरसुद्धा नेऊन आदळतात. गाडीत माणूस नसतो. दोरानं ओढून तिला वेग देतात आणि धडकेच्या थोडं आधी मोकळी सोडतात. आजूबाजूला वेगवान कॅमेरे असतात आणि गाडीत धक्का मोजणारी यंत्रं असतात.

गाडी समोरासमोर नाही, तिरकी आदळवतात. पुलावरची गाडी कडेला जाते तेव्हा बहुतेक वेळा तिरकीच जाते. कोन साधारण 15 ते 25 अंशांचा धरतात.

त्यानंतर चार गोष्टी बघतात. गाडी अडली का? उलटली का? बॅरियरचा तुकडा किंवा दांडी गाडीत घुसली का? आणि धडकेनंतर गाडी रस्त्यालगत सरळ झाली, की उसळून दुसऱ्या बाजूच्या गाड्यांवर गेली?

म्हणजे नुसतं अडवणं पुरेसं नाही. पाटाचं पाणी बांधाला तिरकं लागलं की वळून पुढे जातं, सरळ लागलं की बांध फोडतं. चांगला बॅरियर गाडीला असंच वळवतो. भिंतीचा तो खालचा तिरका भाग त्यासाठीच असतो. कारचं चाक त्यावर थोडं चढतं, वेग मरतो आणि गाडी रस्त्याच्या दिशेनं सरळ होते. हा आकार अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 1950 च्या दशकात पुढे आला, म्हणून त्याला न्यू जर्सी बॅरियर म्हणतात. आपल्या महामार्गांवरही तोच आकार दिसतो.

चार बोटांचा फरक

उंचीचं महत्त्व कळायला अमेरिकेतलंच एक उदाहरण बघा. तिथं 81 सेंटीमीटर उंचीची ही भिंत अनेक वर्षं ट्रकसाठी पास धरली जायची. परीक्षा होती 8 टनांच्या ट्रकची, ताशी 80 किलोमीटर वेगानं. पुढं रस्त्यावरचे ट्रक जड झाले, वेग वाढला. मग 2009 मध्ये नवे नियम आले आणि परीक्षा कडक झाली. ट्रक 10 टनांचा आणि वेग 90. त्याच भिंतीवर ट्रक आदळला तेव्हा भिंत तुटली नाही, पण ट्रक तिच्यावरून पलीकडे उलटला. संशोधकांनी उंची वाढवून पुन्हा परीक्षा घेतली. 91 सेंटीमीटरला ट्रक अडला. फरक फक्त 10 सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम चार-पाच बोटांचा.

आपल्याकडे केळीचा, कापसाचा ट्रक वरपर्यंत भरलेला असतो. ओझं जितकं उंच, तितकी गाडी भिंतीवरून पलटण्याची भीती जास्त. म्हणून भिंतीच्या जाडीइतकीच उंचीही महत्त्वाची.

आपला नियम कोणत्या गाडीसाठी?

आता मुद्द्याची गोष्ट. आयआरसीच्या नियमात पुलावरच्या बॅरियरचे तीन प्रकार आहेत.

पी-1 हा एक्स्प्रेस वे किंवा तशा मोठ्या रस्त्यावरच्या पुलांसाठी. त्यात दीड टनाची गाडी ताशी 110 किलोमीटर वेगानं 20 अंशांत आदळेल असं धरलं आहे. पी-2 हा बाकीच्या साध्या पुलांसाठी. तीच दीड टनाची गाडी, वेग 80. पी-3 हा जास्त धोक्याच्या जागांसाठी, म्हणजे गजबजलेल्या रेल्वेमार्गावरचे पूल वगैरे. त्यात 30 टनांची गाडी 60 च्या वेगानं धरली आहे.

दीड टन म्हणजे कार. साध्या पुलावरच्या बॅरियरचा हिशोब कारचा आहे, एसटीचा नाही.

युरोपात बससाठी जी परीक्षा आहे तिच्यात 13 टनांची बस ताशी 70 किलोमीटर वेगानं त्याच 20 अंशांत आदळवतात. भरलेली एसटी जवळपास तेवढ्याच वजनाची होते. गणित केलं तर या बसचा आडवा दणका पी-2 मधल्या कारच्या साधारण साडेसहा पट येतो. सिमेंटची नीट बांधलेली भिंत हिशोबापेक्षा जास्तही सहन करू शकते, हे खरं. पण ज्या पुलावरून दिवसभर एसटी, वऱ्हाडाच्या गाड्या आणि शाळेच्या बस जातात आणि खाली खोल पाणी आहे, तिथं बसचाच हिशोब का धरू नये? नियमात पी-3 आहे. धोक्याची जागा कोणती हे ठरवताना नदीची खोली आणि प्रवासी वाहतूक बघितली पाहिजे, एवढीच मागणी.

भिंतीचं टोकही जीव घेतं

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची कार आदळली. त्यात ते आणि त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसलेले एक जण गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले. त्या ठिकाणी तीन पदरी रस्ता पुलाजवळ दोन पदरी होतो आणि पुलाच्या भिंतीचं टोक समोर येतं. नंतर तिथं धडक शोषून घेणारी उपकरणं बसवण्यात आली.

यातून कळतं ते असं, की पुलाआधीचा रस्ताही बॅरियरचाच भाग आहे. पुलाच्या आधी काही अंतर लोखंडी पत्र्याचा गार्ड पाहिजे आणि तो भिंतीला घट्ट जोडलेला पाहिजे. मध्ये फट राहिली तर गाडी भिंतीच्या टोकावर जाते किंवा फटीतून खाली जाते.

बांबूचा बॅरियर आणि पिथमपूर

आपल्या देशातही परीक्षेची सोय आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची सरकारी संस्था आहे. खलघाटला बुडालेली एसटी निघाली होती त्याच इंदूरजवळ. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर 2023 मध्ये 200 मीटर लांबीचा बांबूचा बॅरियर बसवला, त्याला 'बाहुबली' नाव दिलं. त्याची चाचणी याच पिथमपूरला झाली आणि आगीची चाचणी रुरकीच्या सरकारी संस्थेत. तो रस्त्याच्या कडेचा बॅरियर आहे, पुलावरचा नाही. पण बांबूसारखी नवी वस्तू आधी तपासून मग लावता येते, तर पुलाचा बॅरियर बसच्या धडकेला तपासून लावणंही अशक्य नाही.

जुन्या पुलावर भिंत का बांधत नाहीत?

हा प्रश्न गावात हमखास निघतो. अडचण खरी आहे. सिमेंटची भिंत जड असते. तिचं वजन आणि धडकेचा दणका शेवटी पुलाच्या स्लॅबच्या कडेवर येतो. जुना स्लॅब तेवढ्यासाठी केलेला नसेल तर भिंत टिकेल आणि कडच तुटेल. म्हणून आधी पुलाची तपासणी, मग कड मजबूत करणं किंवा हलका लोखंडी बॅरियर लावणं, असा क्रम असतो.

फरशी पुलाचं वेगळं. पूर आला की तो पाण्याखाली जातो. तिथं सलग भिंत बांधली तर झाडं, काटक्या अडकून पाण्याचा सगळा दाब पुलावर येईल. म्हणून तिथं पुराआधी काढता येणारे किंवा आडवे पाडता येणारे पाईप लावतात. पण पूर ओसरल्यावर ते परत उभे करायचे असतात, हेच बहुतेक ठिकाणी विसरलं जातं.

आपण काय बघायचं?

तापीवर सावळदे असो, गिरणेवर बांभोरी असो की आपल्या गावचा नाल्यावरचा पूल, जाता-येता एवढं बघा :

1. कठडा कुठे तुटला आहे का, आणि तिथं नुसती दोरी किंवा पट्टी बांधून ठेवली आहे का?
2. खांबाचं सिमेंट निघून आतल्या सळ्या दिसतात का? गंजलेली सळई म्हणजे खांब नावालाच.
3. डांबराचे थर चढून चढून भिंत बुटकी झाली आहे का? उंची रस्त्यापासून मोजायची असते. दर वेळी थर चढला की तेवढी उंची कमी होते.
4. पुलाच्या तोंडाशी लोखंडी गार्ड आहे का, आणि तो भिंतीला जोडला आहे का?
5. गार्डच्या पत्र्यांचे जोड वाहनाच्या दिशेनं आहेत का? उलटे असतील तर धडकेत पत्र्याचं टोक भाल्यासारखं गाडीत घुसतं.

तक्रार करण्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा नंबर आहे. राज्य महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि गावरस्त्यासाठी जिल्हा परिषद. फोटो काढा, पुलाचं नाव आणि तारीख टाका, ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्जाची पोहोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198-ए आलं. रस्त्याचं काम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण अपघाताआधी दिलेल्या अर्जाची पोहोच अशा वेळी पुरावा ठरते.

चालकाची चूक होते, टायर फुटतो, समोरचा अंगावर येतो. हे पूर्ण थांबणार नाही. पण एक चूक झाली म्हणून सगळी बस नदीत जावी, हे थांबवता येतं. कशानं थांबतं ते परीक्षा घेऊन सिद्ध झालेलं आहे. पुढच्या वेळी पुलाचं काम निघालं की 'कठडा रंगवणार का' असं विचारू नका. हा कठडा कोणत्या गाडीसाठी आहे, पी-1, पी-2 की पी-3, ते विचारा.