चहाच्या आधी दहा मिनिटं

मागच्या पावसाळ्यात ब्रूनोने जेवण सोडलं, तेव्हा मी डेडलाइनमध्ये बुडालेले. ‘मूड नसेल’ म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या कानामागचे केस बाजूला केले आणि मला अक्षरशः लाज वाटली. गोचीड! एक नाही, सात. ब्लड टेस्टमध्ये टिक फीव्हर निघाला. २८ दिवस गोळ्या.

महिन्यातून एकदा पार्लरला नेलं की झालं, असा माझा गोड समज. आता ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी दहा मिनिटं ब्रूनोची. कान, बगला, बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपायच्या, ब्रश नंतर. गोचीड दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल-बिकेल अजिबात नाही.

आमच्या चिंगी मांजरीचं तंत्र वेगळं. शेपूट आपटायला लागली की ब्रश बंद! केसांत गाठ झाली तरी कात्री नको, कातडी फार पातळ असते. आणि हो, कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं.

परवा ब्रूनोच्या बगलेत एक सापडली. नुकतीच चिकटलेली, अजून फुगलीही नव्हती.