बेडूक आभाळातून पडत नाही

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की त्याच रात्री शेताच्या बांधावर आणि नाल्याकाठी बेडकांचा गलका सुरू होतो. आदल्या दिवशी तिथे नुसता फुफाटा असतो. मग एका रात्रीत एवढे बेडूक येतात कुठून? ते पावसाबरोबर आभाळातून पडतात, असं मानणारी माणसं मला जळगाव-धुळ्याकडे अनेकदा भेटली आहेत. प्रत्यक्षात यांतले कितीतरी बेडूक सात-आठ महिने आपल्या पायांखालीच असतात.

मातीत राहणारा हा बेडूक म्हणजे डबक्यातला मोठा पिवळा बेडूक नव्हे. हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, गोल गरगरीत, आखूड तोंडाचा. त्याच्या मागच्या पावलांच्या आतल्या कडेला फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. मागचे पाय आळीपाळीने हलवत तो माती बाजूला सारतो आणि पाठमोराच खाली उतरतो. माती वरून मिटली, की बिळाची खूणही राहत नाही.

आपल्यासारखा तो तोंडाने पाणी पीत नाही. कातडीतून ओल शोषून घेतो. उन्हाळ्यात वरची जमीन तापली तरी खाली थोडा गारवा, थोडी ओल असते. तिथे तो जवळजवळ निपचित पडून राहतो. श्वास, हालचाल, भूक सगळं मंदावतं, आणि अंगातल्या चरबीवर दिवस निघतात.

पाऊस मुरला, की तो वर येतो. त्याच सुमाराला वाळवीला पंख फुटतात आणि उपाशी बेडकाला मेजवानी मिळते. नर ओरडतात, माद्या येतात आणि पावसाच्या डबक्यांत अंडी पडतात. ही डबकी लवकर आटतात, पण त्यांत पिल्लं खाणारे मासे नसतात. म्हणून पाणी आटण्याआधी पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. त्यांची सगळी धडपड त्या काही आठवड्यांची.

२०१७ साली पुण्याचे डॉ. आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या अशा एका बेडकाला ‘स्फेरोथेका पश्चिमा’ असं नाव दिलं. रोज पायांखाली असणाऱ्या जिवाची ओळख पटायला इतका काळ जावा लागला!

मोठ्या पिवळ्या बेडकांच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. मातीतल्या बेडकाला व्यापाऱ्याचा धोका कधी फारसा नव्हता. त्याला धोका आहे तो आपल्या सवयींचा. ज्या कातडीतून पाणी आत जातं, त्याच कातडीतून कीटकनाशकही आत जातं. तो वर येतो, त्याच दिवसांत आपली कपाशीची पेरणी चालू असते. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी डबक्यात गेलं, तर त्या डबक्यातली पिढी संपते. बांध नांगरून टाकला, तर त्याचं घर जातं.

पाऊस लांबला, की काही गावांत बेडूक मुसळाला बांधून धोंडी काढत. पावसाशी त्याचं नातं आपल्या वाडवडिलांनी ओळखलं होतं, पण बांधून घातलेल्या बेडकाच्या हाती पाऊस नसतो. तेव्हा पंप डबक्यापासून लांब धुवावा आणि बांधाची कड न नांगरता ठेवावी. त्यासाठी खर्च येत नाही, आणि पिकावरचे किडे खाणारा एक गडी शेतात फुकट राबतो.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)