आधी वेळ विचारा, मग कार्बोरेटर उघडा

पेट्रोलवरची जुनी पिकअप चालता चालता बंद पडली आणि मग कितीही सेल्फ मारला तरी उचलेना, की गॅरेजमधला पहिला हात कार्बोरेटरकडे जातो. चेन्नईत या सवयीला परंपरेचंही बळ आहे. सोलेक्स कार्बोरेटर बनवणारी कार्ब्युरेटर्स लिमिटेड ही मद्रासचीच. १९८५ मध्ये जपानच्या मिकुनीबरोबर भागीदारीत उभी राहिलेली युकालही इथलीच, आणि मारुतीचे कार्बोरेटर तिच्याकडून येत. पण याच शहरातल्या पाडीत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसचा कारखाना आहे. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो डिस्ट्रिब्युटर आणि सेल्फ ही त्याची खासियत. म्हणजे या खटल्यातले दोन्ही मुख्य आरोपी एकाच गावचे, पण उलटतपासणी होते ती एकाचीच. माझं म्हणणं असं की चेन्नईसारख्या उष्ण शहरात कार्बोरेटर पुष्कळदा निर्दोष असतो, आणि ते कळत नाही याचं कारण विचारला जाणारा प्रश्नच चुकीचा असतो. कोणता भाग बिघडला हे नंतर बघावं. गाडी नेमकी केव्हा बंद पडते आणि किती वेळाने पुन्हा सुरू होते, हे आधी विचारावं.

ही वाहनं मुळात बांधली कशी होती, ते पाहू. महिंद्राची एफसी-१५० ही मुंबईची पिकअप, मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची स्टँडर्ड २० आणि १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, या तिघींना पुढे लांब बोनेट नाही. माल ठेवायला जागा मिळावी म्हणून ड्रायव्हर पुढे सरकवला आणि इंजिन सीटच्या मध्ये किंवा खाली, झाकणाच्या पेटीत बसवलं. एफसी-१५०चं हरिकेन इंजिन २.२ लिटरचं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि कार्बोरेटर थेट हेडच्या डोक्यावर. समोरून वारा लागून गार होणारं बोनेटखालचं इंजिन वेगळं आणि पेटीत कोंडलेलं इंजिन वेगळं. मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला कत्तिरी ऊन म्हणतात त्या दिवसांत, पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा ही पेटी भट्टीच होते. अमेरिकी पुस्तकांतले निदानाचे तक्ते थंड सकाळपासून सुरू होतात. इथे दुपारपासून सुरुवात करायला हवी.

पेट्रोल पाण्यासारखं एकाच तापमानाला उकळत नाही. ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे, आणि त्यातला हलका भाग ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उडू लागतो. त्यात जुन्या गाडीचा पेट्रोल ओढणारा एसी पंप असतो इंजिनावर आणि टाकी मागे. पंप पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उकळणं आणखी सोपं होतं. नळीत वाफ भरली की पंप वाफेलाच दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. गाडी चालू असेपर्यंत पंख्याचा वारा आणि रेडिएटरचं फिरतं पाणी उष्णता वाहून नेत असतं. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, पण लोखंडातली उष्णता वर चढतच राहते. म्हणून माल उतरवायला दहा-वीस मिनिटं थांबलेली पिकअप सर्वात हट्टी असते; तासाभराने तीच गाडी मुकाट्याने सुरू होते. त्या मधल्या वेळात कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून एकतर उडून गेलेलं असतं, नाहीतर इनटेकमध्ये गळून इंजिन ओव्हरफ्लो झालेलं असतं. दोन्हीचा उपाय उलटा. पहिल्यात पेट्रोल यायला वेळ द्यायचा, दुसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा. नाक लावलं तर फरक लगेच कळतो.

पण उष्णतेने बिघडणारी गोष्ट फक्त पेट्रोल नाही. डेल्कोतला छोटा कंडेन्सर आणि इग्निशन कॉइल हेही तापल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर शहाण्यासारखे वागतात. इथेच सगळा घोळ होतो. गाडी बंद पडते, मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, जेट फुंकतो, पुन्हा बसवतो. यात तास-दीड तास जातो. तेवढ्यात पेट्रोलही गार झालं आणि कंडेन्सरही. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि श्रेय जेटला मिळतं. तीन दिवसांनी त्याच वेळी, त्याच उन्हात ती पुन्हा बंद पडते. मग म्हणायचं, टाकीत कचरा आहे.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणेल की जेटमध्ये कचरा निघतो हे डोळ्यांनी दिसतं, ते नाकारणार कसं? नाकारायचं कारणच नाही. गंजलेल्या टाकीतला गाळ खरा असतो आणि स्लो जेटचं भोक इतकं बारीक की कणभर घाण पुरते. पण कचऱ्याला घड्याळ कळत नाही. जेट तुंबला तर इंजिन गार असो वा गरम, स्लोवर टिकणार नाही आणि ॲक्सिलरेटर दिला की सावरेल. हे लक्षण नसताना जेट काढणं म्हणजे नुसता अंधारात तीर मारणं. शिवाय ते निरुपद्रवीही नाही. कार्बोरेटरचं अंग मऊ धातूचं. वारंवार खोलून, नट आवळून त्याचा फ्लँज वाकतो, गॅस्केट बसत नाही, आणि मग खालून तो हवा घेऊ लागतो. नसलेला आजार उपचारातून आला, असं जुन्या गाड्यांत सर्रास होतं.

परीक्षा सोपी आहे, फक्त ती बंद पडल्या क्षणी, गरम इंजिनावर करायला हवी. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या नरड्यात पाहायचं आणि हाताने थ्रॉटल ओढायचा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, मग करंट तपासा. पिचकारी नाही तर पंप, नळी, टाकी. ओव्हरफ्लोची शंका असेल तर करंटची परीक्षा जरा लांब धरून करावी, कारण ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडू नये. निळी, कडक ठिणगी ठीक. पिवळट, मरगळलेली ठिणगी म्हणजे पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बंद आहे, तो वेगळाच किस्सा.

सकाळच्या तक्रारीचंही असंच. थंडीमुळे गाडी उचलत नाही, हे कारण चेन्नईत फार काळ टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीतही किमान तापमान २० अंशांच्या आसपास. आठवडाभर उभ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि एसी पंपाला ती पुन्हा भरेपर्यंत बॅटरी बसते, हे जास्त संभवतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात डेल्कोच्या टोपीत ओल धरते आणि करंट भलतीकडे पळतो. कोरड्या फडक्याने पुसल्यावर सुरू होणाऱ्या गाडीचा चोक तपासण्यात अर्थ नाही.

आता इथेनॉल. आजकाल सगळा दोष त्याच्यावर टाकायची पद्धत आहे, आणि ती पूर्ण खोटी नाही. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झालेलं मिश्रण आता २० टक्क्यांवर आलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटला हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, जुनं रबर फुगतं, टाकीतला जुना चिकटा सुटून पुढे येतो. कार्बोरेटरमध्ये जेट बदलल्याशिवाय पातळ मिश्रणाला उत्तर नाही, कारण सेन्सरसारखी त्याला स्वतःची अक्कल नाही. तरी याही आरोपाला वेळेची कसोटी लावावी. पातळ मिश्रणाची गाडी गार असताना अडखळते आणि तापल्यावर सुधारते. जी उलट वागते, गार असताना उत्तम आणि तापल्यावर बंद, तिचा रोग मुख्यतः वाफेचा किंवा करंटचा.

मग पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला की निदानाची कटकटच संपेल, असा युक्तिवाद तरुण मेकॅनिक करतात. पंपाबाबत ते बरोबर आहेत. टाकीजवळचा पंप पेट्रोल ओढत नाही, ढकलतो; नळीत दाब राहतो आणि वाफ धरणं अवघड होतं. पण त्याने फ्लोटच्या वाटीतलं उकळणं थांबत नाही. त्यासाठी कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर आणि एक्झॉस्टकडून पत्र्याचा आडोसाच लागतो. आणि पंप नवा बसवताना दाब पाहून घ्यावा, कारण इंजेक्शनच्या गाडीचा पंप कार्बोरेटरला जोडला तर नीडल तो दाब रोखू शकत नाही, वाटी भरून वाहते. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ऑइल प्रेशरवर चालणारा कटऑफ स्विच वायरिंगमध्ये आधी घ्यायचा, पंप नंतर.